तिसरी नळी

बाबांनी तिला प्रोग्राम लिहायला शिकवलं, ते स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"कुठलाही प्रोग्राम जन्माला येतो तो तीन नळ्या घेऊन," बाबा म्हणाले. "शून्य, एक, दोन. शून्यातून त्याला खायला घालायचं. एकातून तो केलेलं काम बाहेर देतो."

"आणि दोन?"

"दोन कुरकुर करायला. राबणाऱ्याला कुरकुर करायला वेगळी जागा लागते. ती कामात मिसळू नये आणि पोटातही राहू नये."

ती सतरा वर्षांची होती. हसली. "प्रोग्राम कुरकुर कसली करणार?"

"मी लिहिलेला करेल," बाबा म्हणाले आणि नळ बंद केला.

तिच्या बाबतीत त्या तीन दिवसांत जे घडलं ते याच तीन नळ्यांनी सांगणं बरं. शून्यात तिच्या कानावर आलेलं. एकात तिने केलेलं. दोनात तिने गिळलेलं.

०

गुरुवारी सकाळी दादाने तिला आपल्या खोलीत बोलावलं. दादा हा थोरला भाऊ आणि बाबा घरी बसल्यापासून कारखान्याचा मालक. कारखाना चष्म्याच्या काचा घासायचा. तळमजल्यावर सहा मशिनं, प्रत्येकावर बारीक धारेने पडणारं पाणी, आणि पॉलिशच्या पावडरीने दुधासारखं पांढरं होऊन मोरीत जाणारं तेच पाणी. वरच्या मजल्यावर दादाची खोली, बाहेर खोकी, आणि खोक्यांच्या मध्ये तिचं टेबल.

"बस," दादा म्हणाला. "सोमवारपासून काका पॅकिंगला."

"कोण काका?"

"आपल्याकडे किती आहेत?"

एकच होते. भिंगकाका. एकेचाळीस वर्षं पहिल्या मशीनवर. उणे आठ, उणे दहा, उणे बारा असले जड नंबर दुसऱ्या कुणाकडे जायचेच नाहीत. दुकानांतून मागणी आली आणि नंबर आठ किंवा त्याच्या पुढे असला, की चिठ्ठी आपोआप पहिल्या मशीनच्या ट्रेमध्ये पडायची. हा नियम बाबांच्या काळापासूनचा.

दादाने तपासणीची वही तिच्यापुढे सरकवली. "दोन महिन्यांत काकांच्या सतरा काचा बाद. बाकीच्या पाच मशिनांच्या मिळून चार."

तिने वाचलं. मीटरवाली बाई तयार काचेचा नंबर यंत्रावर मोजते आणि बाद काच वहीत लिहिते. शेवटचा रकाना कारणाचा. सतरा ओळींपुढे सतरा वेळा तिने एकच शब्द लिहिला होता. हात.

"काका काय म्हणतात?"

"म्हणतात चिठ्ठी चुकतेय." दादा हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं. तीच चिठ्ठी बाकीचे पाच जण वापरतात. त्यांची अंगणं बरी सपाट?"

"मग जड काम?"

"बाहेर देऊ. पगार काकांचा तोच राहील, मी काही कसाई नाही. पण वय झालं की झालं. तू सांग त्यांना, तुझं ऐकतात."

२

हे सांगायचं काम नेहमी माझ्याच

१

ती खाली गेली. आता, तिचं काम काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं हवेत राहील.

चष्म्याची दुकानं कारखान्याच्या वेबपानावर मागणी भरत. नंबर, अक्ष म्हणजे काच किती अंशांत फिरवून बसवायची तो कोन, काचेचा प्रकार. पानामागची स्क्रिप्ट, म्हणजे ते पान चालवणारा छोटा प्रोग्राम, तिची. पण स्क्रिप्टला काचेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मागणी आली की स्क्रिप्ट बाजूला बाबांचा जुना प्रोग्राम उठवायची. एकीकडून त्याला पाइप जोडायचा, त्याच्या शून्यात नंबर ओतायचे, ती नळी बंद करायची, म्हणजे त्याला कळायचं की वाढून झालं, आता जेव. मग त्याच्या एकाला पाइप लावून येईल ते घ्यायचं. यायचे ते आकडे. काच कुठल्या गोलाईच्या साच्यावर घासायची, मधे किती जाड ठेवायची. तेवढे चिठ्ठीवर छापले की स्क्रिप्टची जबाबदारी संपली. दर्शनी दुकान तिचं, पण मागच्या खोलीत हिशेब करायला अजून बाबाच बसलेले, असा तो मामला होता. सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम. आकडा कधी चुकला नव्हता.

भिंगकाका मशीनवर ओणवे होते. मान वर न करता म्हणाले, "तोंड का उतरलंय, पोरी? सर्व्हर बसला?"

"नाही."

"मग पॅकिंगचं सांगायला आलीस. सकाळीच कळलं. या इमारतीत भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत."

पलीकडच्या टेबलावरून मीटरवाली म्हणाली, "मला बघून कशाला बोलता? मी फक्त मोजते."

"मोज बाई, मोज. तुझ्या हाताला नाव ठेवणारं यंत्र अजून निघायचंय."

काकांनी मशीन थांबवलं. अंगठा फडक्याला पुसला आणि तिला विचारलं, "तुझा हात थरथरतोय आणि तू सुईत दोरा ओवतेस. दोरा कुठे जाईल?"

"कुठेही. कधी इकडे, कधी तिकडे."

"माझे इकडेच जातात." त्यांनी खण उघडून कागदात गुंडाळलेल्या सात काचा काढल्या, सातही नव्या पातळ प्रकारच्या. "नऊ मागितलं, नऊ तीस आलं. दहाचं दहा तेहतीस. साडेआठाचं आठ अठ्ठ्याहत्तर. सातही जास्त. थरथरणारा हात इतका शिस्तीचा असतो होय?"

"दादाला दाखवलंत?"

"तो म्हणाला, काका, चहा घ्या."

तिने चिठ्ठीच्या पाठीवर सातही आकडे उतरवले. मागितलेलं एकीकडे, आलेलं दुसरीकडे. आणि मग तिथेच, मशीनच्या ओल्या कडेला टेकून, भागाकार केला. एकदा. दुसऱ्यांदा. सातही वेळा उत्तर तेच. शंभराला तीन जास्त. थोडं वर.

हाताला टक्केवारी कळत नाही.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. बघते."

"बघ. सोमवारपर्यंत बघ," काका म्हणाले. "त्यानंतर मी खोकी चिकटवीन. चांगली चिकटवीन."

१

शुक्रवारी सकाळी तिने स्वतःच दुकानदार होऊन पानावर मागणी भरली. उणे नऊ, नवी पातळ काच. चिठ्ठी छापून आली. सुंदर चिठ्ठी. कुठे डाग नाही. लॉग उघडला, म्हणजे सर्व्हर आपल्या दिवसाची नोंद ठेवतो ती फाइल. लॉगही स्वच्छ. गेली दोन वर्षं तिचा लॉग इतका स्वच्छ होता की तिला त्याचा अभिमान वाटायचा.

मग तिने स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीत बाबांचा प्रोग्राम नुसता चालवला. मध्ये कुणी नाही. स्वतःच्या हाताने नंबर भरवले.

आकडे आले. तेच, चिठ्ठीवरचेच. पण त्यांच्या आधी दोन ओळी आल्या.

    ही काच माझ्या यादीत नाही. सगळ्यात जवळची धरून चाललोय.
    झोपा काढू नका. विचारा.

ती खुर्चीत मागे टेकली. पडद्यावर बाबा बोलले होते. अगदी त्याच स्वरात, ज्यात ते जेवताना म्हणायचे, मीठ नाहीये, पण चालू द्या.

२

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तिने कुरकुरीची नळी कामाच्या नळीतच सोडली होती, म्हणजे चुकलं तर पानावर दिसेल. आणि दिसलंच. एका दुकानदाराने अक्षाच्या जागी दोनशे दहा भरलं. पानावर झळकलं:

    अक्ष एकशे ऐंशीच्या पुढे नसतो. कपाळाखाली डोळे आहेत ना?

दुकानदार चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासत होता. त्याने दादाला फोन केला. फोन पंधरा मिनिटं चालला आणि त्यातली चौदा मिनिटं दादा नुसता "हो, हो" म्हणत होता. मग तो खोलीतून बाहेर आला, तिच्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांचं तोंड बंद कर."

एका ओळीचं काम. यंत्रात एक विहीर असते, बिनतळाची. तिच्यात टाकलेलं कुणाला सापडत नाही आणि ती कधी भरतही नाही. तिसऱ्या नळीचं तोंड तिने त्या विहिरीकडे वळवलं. चहा निवायच्या आत झालं.

आणि दोन महिन्यांपूर्वी नवी पातळ काच बाजारात आली तेव्हा पानावरच्या यादीत तिचं नाव कुणी घातलं? तिनेच. कुठली काच उजेड किती वाकवते याची बाबांच्या प्रोग्रामची स्वतःची यादी वेगळी आहे, तिच्यातही घालायला हवं, हे डोक्यात आलंच नाही. आलं असतं तरी ती म्हणाली असती, काही राहिलं तर प्रोग्राम ओरडेल की.

प्रोग्राम दोन महिने ओरडत होता.

०

संध्याकाळी ती बाबांकडे गेली. बाबा खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करत होते. हल्ली ते कुठे जात नसत, तरी बूट चकाचक असायचे.

"बाबा, अनोळखी काच आली तर तुमचा प्रोग्राम थांबत का नाही?"

"नमस्कार चमत्कार काही नाही, एकदम प्रश्न. आईवर गेलीस." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "थांबत नाही, कारण थांबला तर काम अडतं. जवळची काच धरतो आणि सांगतो."

"कुणाला सांगतो?"

"म्हणजे काय? समोर बसलेल्याला. मीच असायचो ना समोर. पडद्यावर कुरकुर दिसली की मी उठायचो, भिंगाला विचारायचो, बाबा रे, ही काच कसली? तो नखाने वाजवून सांगायचा. मग मी यादीत घालायचो." बाबा थांबले. "शेजारी माणूस आहे असं धरूनच लिहिला तो. माणूस नसेल हे काही मनात आलं नव्हतं."

तिने सगळं सांगितलं. विहिरीचंही. सांगताना ती बुटांकडे बघत होती.

बाबांनी डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना. पुन्हा लावलं. "माझं तोंड बंद केलंत," ते म्हणाले. "ते ठीक आहे. घरातही केलंयच. पण काम संपवून जाताना प्रोग्राम एक आकडा हातावर ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं सुखरूप. दुसरा काही असेल तर काहीतरी घडलंय. तो तरी बघायचास."

"नाही बघितला."

"का?"

"आकडे बरोबर दिसत होते."

"हं," बाबा म्हणाले. "आणि भिंगाच्या कपाळी काय लिहिलंत?"

"हात."

बाबांनी दुसरा बूट उचलला. "सोमवारच्या आत त्याच्याकडे जा," एवढंच म्हणाले.

१

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. नवी काच बाबांच्या यादीत घालायला पाच मिनिटं लागली. त्याने पुढचं सुधारलं. मागचं? कुठल्या कुठल्या काचा बिघडल्या ते कळायलाच हवं होतं, नाहीतर तिचं बोलणं म्हणजे शनिवारी सकाळी एक बाई काहीतरी म्हणाली, एवढंच राहिलं असतं.

म्हणून तिने प्रोग्रामची जुनी यादी तात्पुरती परत ठेवली आणि दोन महिन्यांत आलेल्या यच्चयावत मागण्या एकाच दमात प्रोग्रामला पाजल्या. नऊ हजारांवर. सगळ्या प्रकारच्या. विहिरीकडे वळवलेलं तोंड परत फिरवलं, तिसऱ्या नळीला पाइप जोडला आणि स्क्रिप्टला सांगितलं, आधी एक नंबरचं सगळं घे, मग दोनाचं वाच.

स्क्रिप्ट चालली. आणि मध्येच उभी राहिली.

चूक दाखवेना, संपेना. पडदा नुसता लुकलुकतोय. दोन मिनिटं. पाच. खाली शटर वर गेल्याचा आवाज आला, पहिलं मशीन सुरू झालं. काका आले होते.

मग तिला उमगलं. बाबांचा प्रोग्राम कुरकुरीच्या बाबतीत उदार. नव्या काचेबद्दलच नव्हे, त्याला प्रत्येक दुसऱ्या मागणीबद्दल काही ना काही म्हणायचं होतं. दुकानदार दशांश विसरला, अमक्याने उजवा डोळा दोनदा भरला, तमक्याने अक्षच गाळला. नळीत मावतं तेवढं मावलं. नळी तुडुंब झाली आणि प्रोग्राम अर्ध्या वाक्यावर थांबला, कुणीतरी रिकामी करेल म्हणून. स्क्रिप्ट तिकडे एक नंबरच्या तोंडाशी ताटकळत, की आकडे का येत नाहीत? आकडे येणार कसे? आधी कुरकुर ऐकल्याशिवाय तो पुढे जाऊच शकत नव्हता. दोघेही बरोबर. दोघेही खोळंबलेले. असे ते प्रलयापर्यंत बसले असते.

तिने स्क्रिप्ट मारली. कुरकुरीची नळी सरळ एका फाइलमध्ये सोडली, म्हणजे तिला भरायची भीती नाही. पुन्हा चालवली. यावेळी सगळं अकरा सेकंदांत झालं.

फाइलीतून तिने फक्त "यादीत नाही" म्हणणाऱ्या ओळी गाळून घेतल्या. एकेचाळीस. त्यातल्या पंचवीस हलक्या नंबरांच्या. शंभराला तीन म्हणजे तिथे चिमूटभर, तपासणीत चालून जाणारं, म्हणून पास झालेल्या. उरल्या सोळा. सोळाही जड, आणि नियमाप्रमाणे सोळाही पहिल्या मशीनच्या ट्रेमध्ये पडलेल्या. सगळ्यात चांगल्या हाताकडे सगळ्यात अवघड काम, आणि सगळ्यात अवघड कामात सगळी चूक.

तिने वहीशी ताडून पाहिलं. वहीत सतरा होत्या.

जास्तीची ती एक तिने पुन्हा पाहिली. उणे आठ, साधी जुनी काच. मागितलं आठ, आलं सात सत्तर. कमी. तिच्याबद्दल प्रोग्रामने चकार शब्द काढलेला नव्हता.

२

एकच तर आहे. सोळाबरोबर सतरा. कुणाला

०

"कोणाकोणाला कळलंय?" दादाने पहिलं हेच विचारलं.

"बाबांना."

"झालं कल्याण." त्याने दार लोटून घेतलं. तिने आणलेले कागद दोनदा वाचले. दादा काही मूर्ख नव्हता, दुसऱ्यांदा वाचताना त्याचे कान लाल झाले. "म्हणजे चिठ्ठीच."

"अंगण वाकडंच होतं, दादा."

"टोमणे नंतर मार. दुरुस्त झालं ना? झालं. मग काका राहतील मशीनवर, मला काय हौस आहे? मी सांगतो त्यांना, वयाचा मान ठेवून अजून एक संधी देतोय. तेही खूश, आपणही मोकळे."

"संधी? कसली?"

"अगं, शब्दाला काय धरतेस! खाली सहा माणसं आहेत. मालकाच्या बहिणीने दोन महिने सगळ्यांना चुकीच्या चिठ्ठ्या दिल्या, हे त्यांना कळलं की उद्यापासून प्रत्येक जण चिठ्ठी घेऊन माझ्या दारात. साहेब, ही बरोबर आहे का? साहेब, ही बघा. काम कधी करायचं?"

"तूच म्हणालास, बाबांचं तोंड बंद कर."

"तोंड म्हणालो. कान बंद कर म्हणालो होतो का?"

हे खरं होतं. तिने टेबलावरचे कागद गोळा केले. दादाने त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

"हे बघ छोटी, मी काही वाईट सांगत नाही. काकांची जागा राहतेय. तुझी अब्रू राहतेय. आणखी कुणाला काय हवंय?"

खालून पहिल्या मशीनची घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली. पाण्याची धार तेवढी चालू.

१ आणि २, एकाच नळीतून

ती जिना उतरली. दादा मागोमाग आला, पण चार पायऱ्या अंतर राखून.

"काका," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण बाकीची पाच मशिनं चालू होती. एकेक करून ती थांबली. "तुमचा हात नाही. माझी स्क्रिप्ट. नवी काच आली ती मी यादीत घातली नाही. बाबांचा प्रोग्राम प्रत्येक वेळी ओरडत होता, आणि त्याचा आवाज मी दोन वर्षांपूर्वीच बंद करून ठेवला होता. चिठ्ठ्या चुकीच्या होत्या. त्यांवर जे छापलं होतं ते तुम्ही अगदी बरोबर घासलंत."

मीटरवालीने यंत्रावरचा दिवा मालवला, उगाच.

"आवाज बंद करायला मी सांगितलं होतं," मागून दादा म्हणाला. पायऱ्यांवरूनच. म्हणाला खरं.

भिंगकाका दोन्ही हात फडक्याला पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"दोन महिने," ते म्हणाले, "मी सकाळी उठलो की पाण्याचा पेला हातात धरून बघतो. भरलेला. हलतो का. रोज. डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, काही नाही. मला वाटलं, त्याला काय कळतंय, काच ती काय त्याला ठाऊक?" त्यांनी फडकं खाली टाकलं. "नात झालीय मला. तीन आठवड्यांची. सून म्हणते, बाबा, घ्या ना तिला. मी म्हणतो, सर्दी आहे. तीन आठवडे मला सर्दी आहे."

"काका, चुकलं."

"चुकलं तर चुकलं. चूक काय, मीही केल्यात. तुम्ही विचारायला नको होतं का? तुझा बाप विचारायचा. वरून उठून यायचा, इथे उभा राहायचा आणि विचारायचा. तुम्ही दोघं वरच्या वर वही वाचत बसलात."

दादा उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आला.

"मशीन तुमचंच आहे, काका," तो शेवटी म्हणाला. "आत्तापासून."

"आत्ता नाही." काकांनी उजवा हात पुढे केला. सगळ्यांना दिसेल असा. बोटं थरथरत होती, चांगली थरथरत होती. "आत्ता मी संतापलोय. संतापात उणे बारा घासत नाहीत. सोमवारी."

मग ते मीटरवालीच्या टेबलाशी गेले आणि वही उघडली. "ते पॅकिंगचं वगैरे सोड. हे काय लिहिलंयस तू इथे?"

"मी मोजते तेवढंच," मीटरवाली म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "साहेबांनी विचारलं कारण काय, मी म्हटलं, हात असेल."

"असेल म्हणालीस. लिहिताना असेल कुठे गेलं?" त्यांनी वही तिच्याकडे, म्हणजे बाबांच्या लेकीकडे वळवली. "हे असं राहिलं तर उद्या मी मेल्यावर कुणीतरी उघडून वाचेल, म्हाताऱ्याचा हात शेवटी गेला होता. तू लिही. खोड आणि तुझ्या अक्षरात लिही. सही कर प्रत्येकापुढे. एकदम कंस करून नाही."

ती मीटरवालीच्या स्टुलावर बसली. पहिली ओळ. हात खोडलं. चिठ्ठी चुकीची. सही. काका शेजारी उभे राहून बोट ठेवत होते, ती लिहीत होती. दुसरी. तिसरी. कारखान्यात कुणी मशीन सुरू केलं नाही. हे काही कुणी ठरवलं नव्हतं. आठव्या ओळीला पेन अडखळलं, दादाने स्वतःचं दिलं. चिठ्ठी चुकीची. सही. हाताला घाम सुटला तो तिने सलवारीला पुसला. अकरा. बारा. लिहिताना तिला काकांच्या खोलीतली सकाळ दिसत होती, भरलेला पेला, आणि दाराआड उभी असलेली सून.

चौदाव्या ओळीशी आल्यावर तिला ती दिसली. उणे आठ, साधी काच, सात सत्तर. सोळांमधली नसलेली.

तरी तिने हात खोडायला पेन टेकवलं.

काकांचं बोट पेनाच्या टोकाखाली येऊन थांबलं. शाई नखावर उमटली.

"ही नको."

"काका, एकच तर आहे."

"ही माझी आहे. त्या दिवशी सुनेला कळा सुरू झाल्याचा फोन आला होता, लक्ष उडालं. घाईत घासली, मला तेव्हाच कळलं होतं." त्यांनी बोट बाजूला घेतलं आणि नखावरची शाई अंगठ्याने पुसायला लागले. "तिथे हात लिहिलंय ते बरोबर आहे. राहू दे."

तिने ती ओळ सोडली आणि पंधरावीवर गेली.